बारा बोअर आणि बत्तीस बोअर : घरातील शस्त्राच्या मापाचा इतिहास

१

घराच्या रक्षणासाठी कोणते शस्त्र बाळगावे आणि त्याच्या नळीचे माप किती असावे, हा प्रश्न पाश्चात्त्य देशांत, विशेषतः अमेरिकेत, गेल्या शतकात हिरिरीने चर्चिला गेला आहे. गोळीचे वजन, तिचा वेग, तिने केलेल्या जखमेची खोली अशा अंगांनी ही चर्चा चालते आणि तिच्या मुळाशी एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती अशी की, निवड घरमालकाच्या हाती आहे. आपल्याकडे प्रथम हे गृहीतच तपासून पाहावे लागते. चिपळूण तालुक्यातील सावर्डे किंवा त्याच्या आसपासचे कोणतेही गाव घेतले, तर तेथील घरात बंदूक असलीच तर ती कोणत्या मापाची असावी हे घरमालकाने क्वचितच ठरविलेले असते. ते कोणी व कसे ठरविले, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या शोधाला आरंभ करण्यास एक शब्द सोयीचा आहे. मराठीत ‘बारा बोअरची बंदूक’ आणि ‘बत्तीस बोअरचे रिव्हॉल्व्हर’ असे दोन्ही प्रयोग रूढ आहेत. ऐकणाऱ्यास साहजिकच असे वाटावे की बत्तीस हे बारापेक्षा मोठे माप असणार. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. बारा बोअरच्या नळीचा व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर असतो. बत्तीस बोअरच्या रिव्हॉल्व्हरची गोळी जेमतेम आठ मिलिमीटर जाडीची असते. एकाच शब्दाखाली दोन भिन्न मोजमापे वावरत आहेत, आणि त्या दोन मोजमापांमागे दोन भिन्न इतिहास आहेत.

२

शस्त्रांविषयीची मराठी शब्दसंपत्ती अनेक थरांची आहे. ‘बंदूक’ हा शब्द अरबी. त्याचा मूळ अर्थ एका जातीचे गोल कवचीचे फळ असा होता. पुढे गोळी आणि नंतर गोळी फेकणारे साधन असा त्याचा अर्थविस्तार झाला. ‘तोफ’ तुर्की आहे, ‘तमंचा’ही त्याच वाटेने फारसीतून आला. ‘दारू’ हा फारसी शब्द मुळात औषधाचा वाचक. मराठीत तो मद्य आणि स्फोटक चूर्ण या दोहोंसाठी स्थिरावला. ‘बार’ म्हणजे फारसीत ओझे, भरण. बंदुकीत एका वेळी भरावयाचा ऐवज तो बार, आणि तो उडाला म्हणजे होणारा आवाजही बारच. ‘काडतूस’ आणि ‘पिस्तूल’ हे शब्द पोर्तुगीजांनी दिले. ‘बोअर’ हा सर्वांत अलीकडचा, इंग्रजी अमदानीतला.

शिवकाली सिद्ध झालेल्या राजव्यवहारकोशात शस्त्रवर्ग हा स्वतंत्र विभाग आहे. परकीय शब्दांना संस्कृत पर्याय द्यावेत हा त्या कोशाचा उद्देश होता. तथापि बंदूक आणि तोफ हे शब्द लोकांच्या तोंडून गेले नाहीत. वस्तू जेथून आली तेथून तिचे नावही आले आणि टिकले.

परंतु या उसन्या नावांच्या भोवती जी क्रियापदे आणि जे अवयववाचक शब्द जमले ते बहुतांशी घरचेच आहेत. नळी, गज, घोडा, माशी, तोडा, ठासणी, गोळी, नेम हे शब्द पाहावे. ‘ठासून भरणे’, ‘ठासून सांगणे’, ‘फुसका बार’, ‘दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणे’ हे प्रयोग ज्यांनी आयुष्यात कधी बंदूक हाती धरली नाही तेही सहज करतात. एखादे साधन समाजाच्या नित्य परिचयाचे असल्यावाचून त्याची क्रियापदे अशी लाक्षणिक अर्थाने रुळत नाहीत. यावरून एवढे अनुमान निश्चित काढता येते की, तोंडातून भरण्याची, दारू ठासण्याची बंदूक हे महाराष्ट्रात केवळ सैनिकाचे नव्हे, तर गावाचेही शस्त्र होते. उलट ‘बोअर’ या शब्दाभोवती एकही वाक्प्रचार जमलेला नाही. तो दुकानाचा, परवान्याचा आणि पोलीस ठाण्याच्या नोंदवहीचा शब्द राहिला.

३

याचे कारण त्या जुन्या बंदुकीच्या रचनेतच आहे. इ. स. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतल्यानंतर तेथे बंदुका घडविण्याचा उद्योग वाढला आणि पश्चिम किनाऱ्यावर तोड्याच्या बंदुकीचे ज्ञान पसरण्यास त्याची मदत झाली. तोडा म्हणजे सावकाश जळणारी वात. ती कानातील दारूस लागली की बार उडावयाचा. पुढे चकमकीची आणि एकोणिसाव्या शतकात केपाची बंदूक आली. पण भरण्याची रीत तीच राहिली. नळीच्या तोंडातून मोजकी दारू ओतावयाची, तिच्यावर चिंधी किंवा काथ्या गजाने ठासावयाचा, मग गोळी अथवा छर्रे, आणि वर पुन्हा चिंधी.

अशा बंदुकीला ठरीव माप असण्याची आवश्यकता नव्हती. नळी लोहाराने घडवावी, तिच्या तोंडाच्या मापाचा साचा करावा आणि त्या साच्यात शिसे ओतून गोळ्या पाडाव्यात, असा क्रम होता. दोन बंदुकांच्या गोळ्या एकमेकींना बसतीलच असे नाही आणि बसल्या पाहिजेत असेही नाही. गोळी न मिळाल्यास छर्रे चालत. छर्रे नसल्यास लोखंडाचे बारीक तुकडेही चालत. युरोपीय भाषांत नळीच्या मापाला जो शब्द आहे, ‘कॅलिबर’, त्याचे मूळही अरबी ‘कालिब’ म्हणजे साचा या शब्दात सांगितले जाते. माप म्हणजे साचा, आणि साचा ज्याच्या घरी त्याचे माप. या अवस्थेत माप निवडणारा घरधनी आणि त्याचा लोहार यांच्यामध्ये तिसरा कोणी नव्हता.

मोठ्या शस्त्रांची ओळखही व्यासाने होत नसे. तोफेचा गोळा किती शेरांचा यावरून तोफ ओळखली जाई. इंग्रजही आपल्या तोफा पौंडांवरूनच सांगत. बारा बोअर हे माप याच जुन्या रीतीचे अवशिष्ट रूप आहे. एक पौंड शिशाचे सारख्या वजनाचे बारा गोल गोळे केले असता त्यांपैकी एक गोळा ज्या नळीत नेमका बसेल ती बारा बोअरची नळी. गोळ्यांची संख्या वाढली की प्रत्येक गोळा लहान होणार. म्हणून या पद्धतीत आकडा जितका मोठा तितकी नळी अरुंद. याच हिशेबाने खरोखरीची बत्तीस बोअरची नळी काढली तर तिचा व्यास सुमारे साडेतेरा मिलिमीटर येईल.

रिव्हॉल्व्हरच्या संबंधात बोलला जाणारा बत्तीस हा आकडा मात्र इंचाच्या शतांशांचा आहे. ०.३२ इंच हे त्या काडतुसाचे नाव. गोळीचा प्रत्यक्ष व्यास ०.३१ इंचाहून किंचित अधिक भरतो. पहिला आकडा वजनावरून आला, दुसरा लांबीवरून. इंग्रजीत बंदुकीच्या दुकानातील भाषेने भारतात दोहोंनाही ‘बोअर’ म्हटले आणि मराठीने तो शब्द जसाच्या तसा उचलला. परिणामी एका शब्दाच्या दोन अर्थांत लहान-मोठेपणाचा क्रम परस्परविरुद्ध झाला आहे. अर्थविचाराच्या अभ्यासकाने हे उदाहरण अवश्य टिपून ठेवावे.

४

धातूच्या कोषाचे काडतूस प्रचारात आले आणि मापाची मालकी बदलली. काडतूस गावात घडत नाही. ते कारखान्यात तयार होते आणि दुसऱ्याच मापाच्या नळीत बसत नाही. बंदूक घरात असली तरी तिचे जीवित काडतुसांच्या पुरवठ्यावर अवलंबून राहू लागले. राज्यकर्त्यांच्या हे तत्काळ ध्यानात आले.

भारतातील शस्त्रनियंत्रणाचा आरंभ १८५७ च्या कायद्यापासून होतो. निःशस्त्रीकरणाच्या त्या हुकुमाविरुद्ध मुधोळ संस्थानातील हलगली येथील बेरडांनी त्याच वर्षी उठाव केला, आणि तो निष्ठुरपणे मोडून काढण्यात आला. लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत १८७८ चा शस्त्रकायदा झाला. त्याने परवान्यावाचून शस्त्र बाळगणे हा गुन्हा ठरविला. पण नियमांनी युरोपीय लोकांना त्यातून सूट दिली. मद्रास येथे १८८७ मध्ये भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनाने या कायद्याविषयी ठराव केला तो याच अपमानाच्या जाणिवेतून.

येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. मेकॉले यांच्या मसुद्यावरून तयार झालेल्या १८६० च्या दंडसंहितेने प्रजेला आत्मसंरक्षणाचा विस्तृत हक्क दिला होता. रात्री घर फोडणाऱ्याविरुद्ध तर हा हक्क त्याचा प्राण घेण्यापर्यंत पोहोचत असे. या देशातील लोकांत प्रतिकाराची वृत्ती वाढावी, अशी मेकॉले यांची त्यामागील दृष्टी होती. म्हणजे एका कायद्याने हक्क दिला आणि दुसऱ्या कायद्याने त्या हक्काचे साधन परवान्याच्या कुलपात ठेविले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही हा हक्क कायम आहे आणि शस्त्राचा परवानाही कायम आहे.

माप आणि सत्ता यांचा संबंध विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अधिक उघड झाला. ०.४५० इंच मापाच्या रायफली भारतात आणण्यास इंग्रज सरकारने मनाई केली. लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींचे हेच माप होते, आणि सरकारी साठ्यातून पळविलेला दारूगोळा बंडखोरांच्या उपयोगी पडेल ही भीती होती. शिकारीच्या रायफली बनविणाऱ्या इंग्रज कारखानदारांना त्यामुळे ०.४६५, ०.४७० अशी मुद्दाम वेगळी मापे काढावी लागली. मोठ्या शिकाऱ्याच्या रायफलीचे मापदेखील अशा रीतीने वाघाच्या आकारावरून नव्हे, तर सरकारच्या चिंतेवरून ठरले.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र अधिनियम आला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून त्याची अंमलबजावणी झाली. युरोपीय व एतद्देशीय हा भेद त्यात नाही. पण माप ठरविण्याचे जुने सूत्र मात्र राहिले. १९६२ च्या नियमांच्या पहिल्या अनुसूचीत निषिद्ध वर्गाचे वर्णन पाहावे. ०.३०३ इंच अथवा ७.६२ मिलिमीटरचे लष्करी काडतूस ज्यात बसेल अशा रायफली, ०.४१० मस्केटचे काडतूस ज्यात बसेल अशा मस्केटी, ०.३८० अथवा ०.४५५ इंचाचे कडेचे काडतूस, किंवा लष्करी ९ मिलिमीटरचे अथवा ०.४५ इंचाचे बिनकडेचे काडतूस ज्यात बसेल अशी पिस्तुले व रिव्हॉल्व्हरे. यातील ०.४१० हे माप प्रथमदर्शनी कोड्यात टाकणारे आहे, कारण ते लहान आहे. परंतु ०.३०३ च्या रायफली आतून गुळगुळीत करून पोलीस व पहारेकरी यांच्यासाठी त्या मापाच्या मस्केटी बनविल्या जात, हे ध्यानात घेतले की उलगडा होतो. निषेधाची कसोटी नळी किती मोठी ही नव्हे. सरकारी काडतूस तीत बसते की नाही, ही होय.

५

या चाळणीतून नागरिकासाठी जे हातातील शस्त्र उरले ते मुख्यतः ०.३२ इंचाचे. १९८० च्या दशकात खाजगी आयातीची वाट बंद झाल्यावर कानपूरच्या सरकारी कारखान्याचे बत्तीसचे रिव्हॉल्व्हर हेच परवानाधारकाच्या परिचयाचे झाले. त्याचे काडतूस १८९६ च्या सुमाराचे, अमेरिकेतील स्मिथ अँड वेसन या कंपनीचे. त्याची गोळी सुमारे सव्वासहा ग्रॅमची; तिची ऊर्जा अदमासे १५० जूल. लष्करी ९ मिलिमीटरच्या गोळीची ऊर्जा साडेचारशे जुलांच्या वर जाते. बारा बोअरच्या काडतुसातील सुमारे ३२ ग्रॅम छर्ऱ्यांची ऊर्जा नळीच्या तोंडाशी दोन हजार जुलांच्या घरात असते.

आकडे एवढे स्पष्ट असता लहान मापाचा उपयोग काय, असा प्रश्न उद्भवतो. त्याचे उत्तर शोधण्याचे प्रयत्न फार झाले, आणि त्यांपैकी एका प्रकरणाचा आपल्या देशाशी निकट संबंध आहे. १८९५ च्या चित्रळच्या मोहिमेत ०.३०३ ची गोळी शरीरातून आरपार जाते पण चाल करून येणारा माणूस थांबत नाही, अशी तक्रार झाली. तीवर उपाय म्हणून कलकत्त्याजवळील डमडम येथील कारखान्यात टोकाशी उघडे शिसे असलेली गोळी तयार करण्यात आली. त्या गावाचे नाव मग जगभर त्या जातीच्या गोळीला चिकटले, आणि १८९९ च्या हेग येथील जाहीरनाम्याने युद्धात तिचा वापर निषिद्ध ठरविला. फिलिपाइन्समधील युद्धात अमेरिकन सैन्याला ०.३८ इंचाच्या रिव्हॉल्व्हरविषयी असाच अनुभव आला. १९०४ मध्ये थॉम्प्सन व लागार्ड यांनी प्रयोग केले आणि १९११ मध्ये ०.४५ इंचाचे पिस्तूल स्वीकारले गेले. पुढे त्याच देशाच्या सैन्याने १९८५ मध्ये ९ मिलिमीटर पत्करले. एवढ्या येरझाऱ्यांतून निघालेला निष्कर्ष माफक आहे : हातातील शस्त्राच्या कोणत्याही मापाने माणूस तत्काळ थांबेलच अशी हमी नाही, गोळी कोठे लागली आणि ती पुरेशी खोल गेली की नाही, यावर बहुतेक सारे अवलंबून असते.

६

आता सावर्ड्याच्या परिसराकडे वळू. या भागातील वस्ती वाड्यावाड्यांतून विखुरलेली. घरे जांभ्याच्या चिऱ्यांची, कौलारू. दोन घरांच्या मध्ये आंबा, काजू, फणस. घरातील कर्ता पुरुष पुष्कळदा मुंबईस, आणि मागे वृद्ध माणसे. घराच्या रक्षणाचा प्रश्न येथे काल्पनिक नव्हे. तरीही येथे जी बंदूक दिसते ती बत्तीसची नव्हे; ती ठासणीची, नाहीतर बारा बोअरची एकनळी वा दुनळी. याचे कारण १९५९ च्या अधिनियमाच्या तेराव्या कलमात सापडते.

त्या कलमाने परवान्यासाठी तीन पायऱ्या केल्या. संरक्षणासाठी अथवा खेळासाठी किमान वीस इंच नळीची गुळगुळीत बंदूक हवी असल्यास, किंवा प्रामाणिक शेतीसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक हवी असल्यास, अन्य आडकाठी नसेल तर परवाना द्यावा. ठासणीची बंदूक शेतीसंरक्षणास अपुरी पडेल अशी अधिकाऱ्याची खात्री झाली, तर दुसरी गुळगुळीत बंदूक द्यावी. इतर सर्व शस्त्रांसाठी मात्र अर्जदाराने सबळ कारण दाखविले पाहिजे. कायद्याचा पहिला प्रश्न ‘केवढे?’ असा नसून ‘कशासाठी?’ असा आहे. माप त्या उत्तराच्या मागून येते. ज्याने ‘डुकरांसाठी’ म्हटले त्याला ठासणीची, ज्याने ‘घरासाठी’ म्हटले त्याला बारा बोअरची, आणि ज्याने ‘माझ्या जिवावर कोणी उठला आहे’ असे सिद्ध केले त्याला बत्तीसची.

कोकणातील शेतकऱ्याने अर्थातच पहिले उत्तर दिले, कारण ते खरे होते. भाताच्या ओंब्या भरू लागल्या की रानडुकरे उतरतात. वानरे तर बारमाही असतात. पण शेतासाठी घेतलेली बंदूक रात्री घरातच असते, आणि घरालाही तिचा आधार वाटतो. हा आधार कितपत खरा? ठासणीच्या बंदुकीत एकच बार. तो उडाल्यावर पुन्हा भरण्यास मिनिटाच्या आसपास वेळ जावयाचा. पावसाळ्यात दारू सर्दावते. भरून ठेवलेली बंदूक घरात असणे हा स्वतःच एक धोका आहे. माणसाविरुद्धचे शस्त्र म्हणून ती बत्तीसपेक्षाही लंगडी. पण तिचा आवाज मोठा, आणि विखुरलेल्या वाडीत आवाज हीच हाक असते. शेजारच्या घरांना जाग आणणे हे कोणत्याही मापाच्या कोष्टकात न येणारे कार्य ती करते.

बारा बोअरचे तसे नाही. तिच्या छर्ऱ्यांचा जोर जवळून भयंकर असतो. अमेरिकेतील चर्चेत गोळी पातळ भिंतीतून पलीकडच्या खोलीत जाईल, ही चिंता वारंवार येते. जांभ्याच्या भिंतीला ती चिंता नाही. पण माजघर आणि पडवी यांच्यामध्ये असते ती पुष्कळदा फळ्यांची भिंत किंवा नुसते दार. काळोखात दाराशी वाजणारा माणूस चोर असेल, तसाच रातराणीने मुंबईहून उतरलेला मुलगाही असेल. माप निवडताना विचारात घ्यावयाची पहिली बाब ही आहे, आणि ती दारूगोळ्याच्या शास्त्रातील नव्हे, घराच्या रचनेतील आणि घरच्या माणसांच्या येण्याजाण्यातील आहे.

शेतीसंरक्षणाच्या परवान्याचा अर्थही काळाबरोबर पालटला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानंतर बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना राहिला नाही. त्यासाठी वनखात्याची वेगळी परवानगी लागते. हाती उरले ते मुख्यतः बार काढून पिटाळणे. शिवाय निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याचे हुकूम निघतात. या काळात घर आणि शेत दोन्ही शस्त्रावाचूनच राहतात, आणि शेतकऱ्याची तक्रार सहसा घराविषयी नसून पिकाविषयी असते. तिचा अर्थ उघड आहे : बंदूक घराचे रक्षण करते असे त्याने मनातून कधीच फारसे मानलेले नाही.

७

वरील विवेचनावरून तीन गोष्टी सांगता येतात. पहिली, घरातील शस्त्राचे माप क्रमाक्रमाने घरधन्याच्या साच्यातून कारखान्याच्या काडतुसात आणि तेथून सरकारी अनुसूचीत गेले. दुसरी, नागरिकाला मिळालेले बत्तीसचे माप हे योग्यतेच्या विचाराने निवडलेले नाही. सरकारी काडतुसे ज्यात बसतात ती मापे वगळल्यावर मागे राहिलेले आहे. परकीय सत्तेने प्रजेविषयीच्या अविश्वासातून जी कसोटी लावली तीच स्वराज्यात राहिली. ती ठेवण्यास आज सबळ कारणे असतीलही, सरकारी दारूगोळ्याची चोरी निरुपयोगी व्हावी हे त्यांपैकी एक आहे. पण कारण बदलले असेल तर ते स्पष्ट सांगितले गेले पाहिजे. तिसरी गोष्ट, भाषेने या स्थित्यंतराची नोंद ठेविली आहे. ज्या बंदुकीचे माप घरचे होते तिचे शब्द बोलीत रुजले. ज्या शस्त्राचे माप बाहेरून ठरले त्याचा ‘बोअर’ हा शब्द परकाच राहिला, इतका की त्यातील बारा मोठे की बत्तीस मोठे, हे बोलणाऱ्यालाही सांगता येऊ नये.

बोलीचा हा ठेवा आता झपाट्याने नष्ट होत आहे. ठासणीच्या बंदुका दुरुस्त करणारे हात थोडे उरले आहेत, आणि त्यांच्याबरोबर नळीच्या, गजाच्या, दारूच्या मापाचे शब्दही जातील. तालुक्यातालुक्यांत जाऊन ही परिभाषा टिपून घेणे, आणि परवान्यांच्या जुन्या नोंदवह्यांत ‘कारण’ या रकान्यात काय लिहिले जात होते ते तपासणे, ही दोन कामे पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्यातील आहेत. आपल्या घराला कशाची भीती वाटत होती आणि राज्यकर्त्यांना कशाची, हे त्या दोन साधनांवरून शेजारी शेजारी मांडता येईल.